शेवटी येणाऱ्याची खंजिरी

फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "काका, भाऊ गेले," एवढेच पलीकडचा मुलगा बोलला. मी "बरं" म्हणालो आणि ताटातला उरलेला भात संपवला... त्याला महिना होऊन गेला. रडू अजून आलेले नाही.

मोरेश्वरभाऊंचे भंडाऱ्यात भांड्यांचे दुकान होते. रविवारी ते बंद ठेवून भाऊ शहरातल्या दहावी-बारावीच्या पोरांना सायकलींवर वैनगंगेच्या पुलापलीकडे, कारधा गावाच्या काठावर न्यायचे. आधी सगळ्यांचे मोबाइल दुकानातल्या एका पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, मग खंजिरीवर प्रार्थना, मग गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. एके काळी मीही त्या पोरांतलाच. उशिरा येणाऱ्यावर भाऊ कधी रागावले नाहीत. तो येईपर्यंत प्रार्थना सुरू होत नसे, आणि खंजिरी त्याच्याच हाती जायची. "या साहेब, वैनगंगा तुमच्यासाठीच थांबून राहिली होती! वाजवा आता." मी इतक्यांदा उशिरा गेलो की वाजवायला शिकलो. माझे बाबा वारले त्या वर्षी मी भाऊंना चिडून विचारले होते, देव कुठे असतो? "तुह्यासाठी थांबते ना कोणी, तिथं. आता रोडगा खा, जळून राहिला."

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला सांगितले, "या रविवारी पोरांले तू ने." मी हो म्हणालो. गेलो नाही. कारण असे काहीच नव्हते. उठलो, पेपर वाचला, पुन्हा झोपलो. संध्याकाळी त्यांनी विचारले, "झाली का रे प्रार्थना?"

"झाली भाऊ. मस्त झाली."

ते डोळे मिटून हसले. त्याच आठवड्यात गेले.

परवाच्या रविवारी मी कारध्याला गेलो. पुलावर मुद्दाम रेंगाळलो, तोवर पोरे आटोपतील म्हणून. ती काठावर गोल करून गप्प बसली होती. मोबाइल गंजात होते. भाऊंच्या शेजारचा अथर्व म्हणाला, "काका, त्या रविवारी तुम्ही आलेच नाही, तं आम्ही प्रार्थना सुरूच नाही केली. दुपारपर्यंत बसलो, मंग घरी गेलो. तवापासून दर रविवारी तसंच."

"भाऊंले सांगितलं का?" मी विचारले.

"कायले सांगाचं? तुम्ही येणारच होते ना कधी तरी." त्याने खंजिरी पुढे केली. "धरा. लई उशीर केला तुम्ही."

खंजिरीचे लाकडी कडे भाऊंच्या अंगठ्याच्या जागी झिजलेले आहे. मी तिथे अंगठा ठेवला. काही जाणवले नाही... पोरे थांबली होती. मी वाजवायला सुरुवात केली.