निळ्या धुरासह सातारा ते आटपाडी

साताऱ्याहून आटपाडीला जायचं असेल तर रहिमतपूर, वडूज, मायणी असा सरळ रस्ता आहे. आम्ही तिकडून गेलो नाही. आम्ही कराड, कुंडल, सांगली असा मोठा वळसा घालून गेलो आणि त्याचं कारण आमच्या जीपच्या मागून बाहेर पडत होतं.

ही जीप माझ्या सासऱ्यांची. आबा आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा ट्रेड शिकवायचे. मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातून शिकायला बाहेर पडलेले पहिले. त्यांची धाकटी बहीण सखूआत्या अजून तिकडेच असते, मुलगा दत्ताजवळ. आत्यांच्या किडनीचा आजार वाढलाय आणि त्यांना आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिससाठी न्यावं लागतं. वडापच्या खच्चून भरलेल्या गाडीत अंग चोरून बसत जायचं आणि उपचारानंतर गळून गेलेलं शरीर घेऊन तसंच परत यायचं. दिवाळीत आबा त्यांना म्हणाले, "माझी जीप घे." आत्या लगेच "दे" म्हणाल्या.

आता जीप पोचवायची होती. आबांची नजर मंदावल्यापासून चालवते मी. नवऱ्याला रजा नव्हती. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी सून आणि सासरे असे निघालो.

किल्ली फिरवली तसा शेजाऱ्यांचा वाळत घातलेला टॉवेल दिसेनासा झाला.

"थंडी आहे," आबा म्हणाले.

"थंडीचा धूर पांढरा असतो. निळा म्हणजे तेल जळतंय. तुम्हीच शिकवलंय."

"गाडी काढ. मधल्या रस्त्याचे चढ नकोत, महामार्गानं उन्हं व्हायच्या आत कराड गाठू."

जुनी डिझेल गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी एवढं सांगते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये, त्याची कारणं बहुतेकदा बाहेरची आणि किरकोळ असतात. पांढरा धूर थंड इंजिनातून थोडा वेळ येतो आणि जातो. निळा धूर येत राहिला तर मात्र इंजिनातलं तेल जिथे जायला नको तिथे जातंय. त्यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं, पण आधी कबूल करावं लागतं. आबांचा प्रश्न तिथे होता.

महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, त्यामुळे उंब्रजपर्यंत सतत इकडून तिकडे वळवतात. तासवड्याचा टोल फास्टॅगवर कापला जातो, थांबावं लागत नाही. कराडात मिसळ खाल्ली. झणझणीत मागितली तर खरंच झणझणीत देतात, विचार करून मागा. पुढे ताकारीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढ्यात उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागे चढावर अडकलो की मी गिअर खाली घ्यायची, जीप खोल आवाजात कण्हायची आणि आरशातला सगळा सांगली जिल्हा निळसर व्हायचा.

कुंडलच्या फाट्यावर चहाला थांबलो. जीप चालू ठेवायला सांगून आबा उतरले, कारण बंद केली तर लवकर चालू होत नाही. हेही त्यांच्या मते थंडीमुळेच. चहाच्या गाड्याजवळ दोन गडी बसले होते. त्यातला एक बराच वेळ धुराकडे बघत राहिला आणि मग अगदी आदरानं म्हणाला,

"आवं ताई, पंचायतीची डासाची फवारणी हाय व्हय? आमच्या आळीत कवा येणार?"

"नाही. ही आमची घरची गाडी आहे."

"असं व्हय." तो दुसऱ्याकडे वळला. "घरची हाय म्हणतात रं."

दुसऱ्यानं मान हलवली आणि दुखवट्याला आल्यासारखी टोपी सारखी केली.

मी इंजिन बंद केलं, पाच-दहा मिनिटं थांबले आणि तेलाची पट्टी बाहेर काढली. निघताना तेल वरच्या खुणेपर्यंत होतं, मी स्वतः भरलं होतं. आता ते खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. जमिनीवर एकही थेंब नव्हता. म्हणजे गळत नव्हतं, जळत होतं. मी पट्टी आबांच्या समोर धरली. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी बघितली, पुन्हा चष्मा पुसला.

"गाडी तिरकी उभी आहे," ते म्हणाले.

गाडी सपाट जागेवर होती. मी डिकीतला तेलाचा डबा काढून भर घातली आणि म्हणाले, "आबा, आपण सांगलीला जातोय. विश्रामबागेत तुमचा आयटीआयचा विद्यार्थी इरफान आहे. तो बघेल. मगच आटपाडी."

पलूस गेलं, भिलवडी गेलं, नदीवरचा पूल गेला. माधवनगर आल्यावर आबा म्हणाले, "इरफान पहिल्या खेपेला नापास झाला होता."

इरफानचं गॅरेज विश्रामबागेत, कॉलेजांच्या मागच्या रस्त्याला आहे. स्वच्छ, मोठं, बसायला खुर्च्या. सर आलेत म्हटल्यावर त्यानं हातातलं काम सोडलं, हात पुसले आणि वाकून पाया पडला. मग बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून त्यानं वरचं तेलाचं झाकण काढलं. तोंडातून भस्‌ भस्‌ करत वाफाळता धूर येऊ लागला. त्यानं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. झाकण थडथड नाचलं आणि बाजूला उडून पडलं.

"सर, म्हणजे... तसं इंजिन चांगलं आहे," इरफान म्हणाला. "ब्रीदर पाइप चोंदला असेल तरी असं होतं."

"मग बघ की," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती. ती मला त्या दिवसात पहिल्यांदा ऐकू आली आणि नको वाटली.

इंजिनातली हवा बाहेर सोडणारा तो पाइप मोकळा होता.

मग नोझल काढून एकेका सिलिंडरला आतला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. पहिला बरा, दुसरा बरा, चौथाही बरा. तिसऱ्याला काटा जेमतेम अर्ध्यावर येऊन थांबला. इरफाननं पुन्हा लावून बघितलं. काटा पुन्हा तिथेच. मग त्यानं पिचकारीनं तिसऱ्यात अगदी थोडं तेल सोडलं आणि परत मोजलं. या वेळी काटा चांगला वर गेला. तो गेज पुसत सरांकडे बघायला लागला.

"बोल की," आबा म्हणाले. "तेल टाकल्यावर वाढलं. काय अर्थ?"

"सर, व्हॉल्व्ह गेला असता तर तेल टाकून फरक पडला नसता."

"मग काय गेलंय?"

"सर... बघायला लागेल."

"परीक्षेत असं लिहिलं असतंस तर शून्य दिलं असतं."

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात, सर," इरफान म्हणाला. "कदाचित सिलिंडरचा बोअरही झिजलाय. इंजिन खोलावं लागेल."

"बरोबर," आबा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

संध्याकाळ झाली होती, म्हणून तिथेच जवळ लॉजवर दोन खोल्या घेतल्या. लॉज साधं, गरम पाणी सकाळीच मिळतं. खाली खाणावळ होती. आबांनी भाकरी मोडून ठेवली आणि खाल्ली नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पावसाळ्यापासून माहीत होतं."

"मग दिवाळीत गाडी देतो का म्हणालात?"

"तिची अवस्था बघितली आणि तोंडातून निघून गेलं. सखू कधी काही मागत नाही गं. लगेच दे म्हणाली. त्यावरून कळलं, किती हाल होत असतील." मग भाकरीचा तुकडा बाजूला सारत म्हणाले, "मला वाटलं, एखादं वर्ष निघेल."

वाटेतल्या भिवघाटात भर उन्हात बंद पडलेल्या जीपमध्ये, हाताला पट्टी बांधलेल्या सखूआत्या मला दिसल्या. आबांनाही दिसत असाव्यात. मोडलेली भाकरी ताटात तशीच ठेवून त्यांनी हात धुतले.

इरफानचं म्हणणं होतं, हळू नेलीत तर आटपाडीला पोचेल, आणि आबांना तिथे जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी तासगाववरून निघालो. द्राक्षबागा जानेवारीत बघण्यासारख्या असतात, रस्त्याकडेला घड विकायला बसतात, चाखून घ्या. भिवघाटानंतर हिरवं मागे पडतं. माळ, बाभळी, मध्येच डाळिंबाच्या बागा, मेंढरांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत थांबलेली एसटी. इथे आल्यावर आबांच्या बोलण्यातलं 'आहे' गळून 'हाय' झालं.

दत्ताचं घर आटपाडीच्या अलीकडे, माळावर. अंगणात माणसं जमली होती. जीपसाठी पत्र्याची नवी शेड उभारली होती. दत्ताच्या हातात हळदकुंकवाचं ताट, नारळ. सखूआत्या बाजेवर उशाला टेकून बसल्या होत्या.

"नारळ फोडू नगंस," आबा गाडीतून उतरताच म्हणाले. "स्वाती, बंद करू नको. बॉनेट उघड."

मी उघडलं. त्यांनी झाकण काढलं, उलटं ठेवलं. ते नाचून खाली पडलं. त्यांनी उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. अंगणातल्या सगळ्यांनी ते बघितलं.

"इंजिन बॅक मारतंय, आतला दाब उलटा भाईर येतोय. रिंगा गेल्यात," आबा म्हणाले. "मला म्हाईत हुतं आन्‌ मी बोललो न्हाई. ह्या गाडीतनं तिला सांगलीला न्हेयाचं न्हाई."

दत्ताचा चेहरा पडला. "मामा, मी वडापवाल्याला सांगून बसलोय, उद्यापास्नं येऊ नगंस म्हणून."

"त्येला परत बोलीव."

दत्तानं ताट शेडच्या कडेला ठेवलं. मग बाजेवरून सखूआत्यांचा आवाज आला. "मग कशाला आणलीस रं एवढ्या लांब?"

"खोलाया," आबा म्हणाले. मला वाटतं हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. "हितंच खोलतो. मी हाय, दत्ता हाय. बोअर तेवढा सांगलीला घासून आणू."

"किती दिस लागत्याल?"

"लागत्याल."

आत्या उशीवर सावरून बसल्या. "मग ऱ्हा की. लगीन झाल्यापास्नं माज्याकडं एक रात कवा राहिला न्हाईस." आणि दत्ताच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, "हुलग्याचं माडगं टाक गं जास्त. ह्येला लय आवडतं."

त्या दुपारी मी माडगं आणि बाजरीची भाकरी जेवले. कुळथाच्या पिठाचं आंबट, घट्ट माडगं, वर लसणाची फोडणी. ते हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी घरीच जावं लागतं. जेवून मी एसटीनं एकटी परत निघाले. वडूजमार्गे सरळ रस्ता, खिडकीची जागा, धूर नाही. माझ्या मागे नव्या शेडमध्ये आबा बनियनवर उभे राहून दत्ताला नट खोलायचे पाने मागत होते.

तिसऱ्या सिलिंडरची रिंग तुटलेली निघाली. बोअर घासून झाला, नवीन रिंगा बसल्या, आबांनी फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. होळीच्या सुमारास ते डाळिंबांची पेटी घेऊन घरी आले. दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागले.

आता ते बहुतेक दिवस आटपाडीलाच असतात. गाडी दत्ता चालवतो, आबा शेजारी बसतात, सखूआत्या मागे पाय लांब करून झोपतात. तिघं सांगलीला जातात आणि संध्याकाळी परतताना इरफानकडे चहा घेतात. घरी कधी येणार विचारलं की आबा सांगतात, काम केलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवावं लागतं, त्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

हळू चालवायची ती मुदत केव्हाच संपली. डिझेल मेकॅनिकच्या घरातली सून असल्यामुळे मला ते कळतं. मी फोनवर नुसतं "बरं" म्हणते.