दिवस असेतोवर

आक्कांनी चमचा तोंडात घेतलाच नाही. ओठांना लावला की ओठ घट्ट मिटायचे. मी हनुवटीला बोट लावलं, गालावरून हात फिरवला, कॉलेजात शिकवलेलं सगळं करून पाहिलं. वाटीतली नाचणीची आंबील गार झाली.

"सिस्टर, न्हाय घेत?" भूपाल आण्णांनी दारातून विचारलं.

"नाही घेत."

"मग डॉक्टर म्हणाल्यात तशी सोमवारी नळी घालायचीच म्हणायची."

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते. निपाणीतल्या या घरात आक्का माझ्या पेशंट, भूपाल आण्णा त्यांचे चिरंजीव आणि सुनंदावहिनी सून. आण्णा स्वतःच साठीला आलेले. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच, त्यामुळं पुस्तकात असतं ते मी जरा जास्तच खरं धरते. पुस्तकात होतं, की डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात माणूस गिळायचं विसरतं. आक्का माणसं ओळखत नव्हत्या. दिवसाकाठी एखादा शब्द बोलायच्या, तोही कुणाला उद्देशून नसायचा.

नळी म्हणजे रायल्स ट्यूब. नाकातून पोटापर्यंत जाते, तिच्यातून पातळ अन्न सोडतात. पेशंटच्या हाताला लागली की तो ती ओढून काढतो, म्हणून हातांना पिशवीसारखे मोजे बांधावे लागतात. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आक्कांच्या हातांकडं बघत राहिले.

"आक्कानं एकदा नावानं हाक मारली असती," ते म्हणाले. "भूपाल म्हणून. मग काय घालायची ती नळी घाला. नाकात नळी आल्यावर ती कशाला बोलतीया?"

मी वाटी घेऊन आत गेले.

आक्कांची खोली मागच्या बाजूला होती. खिडकीपलीकडं तंबाखूचं गोदाम. माल हलवायला लागले की तंबाखूचा उग्र खाट आत यायचा आणि आक्कांना खोकल्याची उबळ यायची. खोकताना अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते, त्याला आम्ही ॲस्पिरेशन म्हणतो. म्हणून आण्णांनी ती खिडकी कायमची बंद करून घेतली होती. खोलीत दिवसभर ट्यूबलाइट जळायची.

शनिवारी दुपारी लाईट गेली. पंखा बंद, खोलीत अंधार. वहिनी म्हणाल्या, "सोप्यात आणूया गं त्यांना, हितं जीव घाबरंल." सोपा म्हणजे घराची पुढची मोकळी खोली. आम्ही दोघींनी आक्कांना खुर्चीत बसवून पुढं आणलं. दारातून ऊन आत आलं होतं, ते त्यांच्या मांडीवर पडलं. मी सवयीनं चमचा पुढं केला.

आक्कांनी तोंड उघडलं.

मी थांबून त्यांच्या गळ्याकडं बघितलं. घास खाली गेला. दुसरा दिला, तोही गेला. अर्धी वाटी संपली तशी मी एजन्सीच्या मॅडमना फोन लावला.

"कधीकधी असं होतं," मॅडम म्हणाल्या. "एका फीडवरून अंदाज बांधू नकोस."

त्यांचं बरोबर होतं. लाईट आल्यावर आक्कांना परत खोलीत नेलं. पुढच्या फीडला, म्हणजे पुढच्या भरवण्याला, ओठ पुन्हा मिटलेले. आंबील तीच, चमचा तोच, भरवणारीही मीच.

मी वहिनींना विचारलं, "आक्का पूर्वी कशा जेवायच्या? म्हणजे कुठं बसून, कधी?"

वहिनी ट्यूबलाइटकडं बघत राहिल्या. मग कपाळावर हात मारला.

"अगं, त्यांचं अंथऊ असायचं!"

अंथऊ म्हणजे जैन घरातलं सूर्य मावळायच्या आतलं संध्याकाळचं जेवण. दिवे लागल्यावर आक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. वहिनी अजून पाळतात. आण्णांचा दुकानामुळं कधीच सुटला.

"पर आजारी माणसाला सूट असती," आण्णा म्हणाले. "मी सोताच मुनी महाराजांना विचारून आलतो."

"सूट तुम्ही घेतलासा," वहिनी म्हणाल्या. "आक्कांना कुणी सांगितली?"

आईला खोकला नको म्हणून आण्णांनीच खिडकी बंद केली होती, आणि त्या खोलीत आक्कांना दिवसभर रात्रच दिसत होती. निदान आम्हाला तसं वाटलं. नक्की काय होतं ते आक्काच सांगू शकल्या असत्या.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नळी थोडे दिवस थांबवू, पण दिवसभरात पुरेसं पोटात गेलं पाहिजे. मग पलंगच सोप्यात आणला. थोडं थोडं, जास्त वेळा, आणि सगळं दिवस असेतोवर. रात्रीची गोळी डॉक्टरांनी संध्याकाळवर आणली. रोज सगळं जायचं असं नाही. काही घास गालात तसेच राहायचे, ते बोटानं काढावे लागायचे. पण वजन घटायचं थांबलं.

शेवटच्या फीडला आण्णा दुकानातून लवकर येऊ लागले. चमचा ते स्वतः धरायचे. एका संध्याकाळी ऊन उंबऱ्यापर्यंत मागं गेलं होतं. आक्कांनी चमचा हातानं बाजूला सारला. दाराकडं बघत म्हणाल्या,

"पोरगं आलं न्हाय अजून."

आण्णांचा हात तसाच राहिला. "आलंय गं आक्का. मीच की."

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. नजर दारावरच.

"दिवस चाललाय," त्या म्हणाल्या.

आण्णांनी वाटी माझ्याकडं दिली आणि उठले. मला वाटलं, डोळे पुसायला आत जातील. ते बाहेर गेले. पायरीवर चप्पल घातली, रस्त्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. उंबऱ्यात चप्पल काढताना मोठ्यानं म्हणाले, "आक्का, आलो गं!"

"कुठं उंडारलतास रं?" आक्का म्हणाल्या.

आणि तोंड उघडलं.

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, की रडत होत्या, मला कळलं नाही. आण्णांनी स्वतःचंही ताट मागवलं आणि समोर बसून जेवले. नावानं हाक काही मिळाली नाही. मी होते तोवर तरी नाही. पण त्या दिवसापासून ते रोज घरी आल्यावर थोडा वेळ बसायचे, मग गुपचूप मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं परत यायचे. कधी आक्का मान वळवायच्या, कधी नाही. ते मात्र चुकले नाहीत.

कॉलेज सुरू झालं तेव्हा माझ्या जागी आलेल्या सिस्टरला मी काम समजावून दिलं. बसवून भरवायचं, घास लहान, शेवटचं फीड ऊन असताना.

"आणि आण्णांना रोज दोनदा घरी येऊ द्यायचं," मी म्हटलं.

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा ते आपल्यासाठी येतात, दुसऱ्यांदा आक्कांसाठी."

तिला ते पटलं नसावं. मलाही पुस्तकात ते कुठं सापडलेलं नाही.