मॅकरोनी उकळली, टाकी राहिली

आप्पांनी प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, चाखा. लई भारी चीज हाय."

डबा पारदर्शक होता. आत पिवळसर लगद्यात वाकड्या नळ्या रुतून बसल्या होत्या. झाकणाला आतून पाणी सुटलेलं. वरच्या लेबलवर छापलं होतं: मॅकरोनी अँड चीज, फ्रिजमध्ये ठेवा.

"आप्पा, हे कुठून आणलं?"

"पुण्याहून. लेकीकडं गेलतो. तिथं मोठ्या किराणा दुकानात तयार जेवणाचा काउंटर हाय. लोकं लायनी लावून घेतेत. गरम करायचं अन् खायचं."

"पण इथपर्यंत आणलं कशात?"

"गाडीत. एसी होता की."

एसी आष्टीच्या पुढं बंद पडला होता, हे ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. दिवस एप्रिलचे होते.

आमचा सहकारी दूध संघ होता, आप्पा चेअरमन, आणि मी क्वालिटी कंट्रोलला. आलेलं दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवणं माझं काम. चव आणि वासावरून माल तपासण्याला आमच्यात ऑर्गनोलेप्टिक टेस्ट म्हणतात. नाव मोठं, काम साधं. जिभेवर घ्यायचं, फिरवायचं, थुंकायचं. मी एक नळी तोंडात घातली. आधी मीठ लागलं. मग मैद्याची खळ. शेवटी एक आंबटपणा, जो चीजचा नव्हता. मी बेसिनमध्ये थुंकले.

"थुंकलात कावून?"

"तपासणी अशीच असते. आणि हे आता कुणी खाऊ नका. दिवसभर गरम गाडीत होतं, खराब झालंय."

आप्पांनी चमचा घेतला आणि माझ्यासमोर डबा संपवला. त्यांचं पोट बिघडलं नाही. त्यामुळे त्या विषयात माझं म्हणणं कायमचं खोटं ठरलं.

"हेच आपण करायचं," ते म्हणाले. "आपल्या ग्राहक भांडारात काउंटर टाकू. घरचंच दूध हाय."

त्या वर्षी दूध निम्म्यावर आलं होतं. पाऊस झालाच नव्हता. जनावरं चारा छावणीत बांधलेली, उसाच्या वाढ्यांवर जगत होती. मी आप्पांना समजावलं. चीज आपण बनवत नाही, विकत आणावं लागेल. मॅकरोनीही विकत. सॉसला दूध लागतं, तेही पुरेसं नाही. "मग यात आपलं काय आहे?"

"ब्रँड," आप्पा म्हणाले आणि उठले. ट्रायल ठरली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दूध संघाला दुधाच्या खालोखाल पाणी लागतं. सकाळचं दूध दुपारी गाडीनं पुढं जायचं. मग टाकी आणि पाइप धुवायचे: आधी साधं पाणी, मग कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी, मग परत साधं. याला सीआयपी म्हणतात. हे केल्याशिवाय संध्याकाळचं दूध टाकीत घेतलं तर सकाळचा चिकटलेला थर विरजणासारखं काम करतो. बोअर आटलं होतं. रोज सकाळी पाण्याचा एक टँकर हौदात रिकामा व्हायचा. त्यावर सगळा दिवस.

आणि मॅकरोनी भरपूर पाण्यात उकळावी लागते. ते पाणी मग फेकून देतात.

ट्रायलसाठी आप्पांनी लग्नातला आचारी आणला. मी त्याला दोन ड्रम भरून दिले आणि बजावलं, हौदाला हात लावायचा नाही. मग लॅबमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा दुधाची गाडी गेली होती आणि ऑपरेटर रफिकभाई हौदाच्या काठावर उभे होते.

"मॅडम, पाइप सोडला त्यानं. तळ दिसायलाय."

मी आचाऱ्याकडं धावले. तो शांतपणे म्हणाला, "पहिला घाणा चिकटला, फेकला. दुसराबी चिकटला. मग धुऊन धुऊन मोकळा केला. आप्पा म्हणले, लागल तेवढं घे."

हॉलमध्ये संचालक कागदी डिशमधून मॅकरोनी खात होते. सॉस फुटला होता, वर तेल तरंगत होतं. एक जण त्यावर फरसाण घालून घेत होता.

"आप्पा, हौद संपला. टाकी धुवायची राहिलीय."

"उद्या धुवा की."

"दूध तासाभरात येईल. ते उद्यापर्यंत थांबत नाही."

"मग न धुता घ्या. एक दिवसानं काय हुतंय?"

"सगळं नासतं, आप्पा. सगळ्यांचं."

"प्लॅनिंग तुमचं काम हाय, मॅडम."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "बरोबर आहे. मग माझं प्लॅनिंग सांगते. तुम्ही गेटवर या आणि छावणीतल्या लोकांना सांगा, मॅकरोनी केली म्हणून आज दूध बंद. नाहीतर तुमच्या मोसंबीच्या बागेला जाणारा पाण्याचा टँकर इकडं वळवा."

सगळे आपापल्या डिशकडं बघायला लागले. मोसंबीच्या टँकरबद्दल संघात कुणी मोठ्यानं बोलत नसे. आप्पांनी डिश खाली ठेवली. मग खिशातून फोन काढला.

टँकर आला, पण उशिरा, आणि पाणी गढूळ. तुरटी फिरवली, क्लोरीन टाकलं, गाळ बसायची वाट बघितली, मग रफिकभाईंनी बॉयलर लावला. तोवर गेटबाहेर कॅनची रांग लागली होती. आम्ही कॅनवर ओली पोती टाकली, पण ऊन उतरलं तरी हवा तापलेलीच होती.

रांग थांबलेली बघून आप्पांना कल्पना सुचली. "उरलेली मॅकरोनी ह्यांना वाटा. मार्केटचा अंदाज येईल."

मला वाटलं होतं, माणूस लाजेल.

नेकनूरकडच्या सोजरबाई रांगेत होत्या. सगळी वस्ती छावणीत आलेली, त्यांच्या दोन म्हशीही तिथंच. त्यांनी डिश हातात घेतली, एक नळी चावली आणि मला विचारलं, "बाई, ह्याला तिखट न्हाई का? आजारी माणसाचं हाय का हे?"

टाकी तयार झाली तेव्हा अंधार पडत आला होता. मी एकेका कॅनचा नमुना घेऊन परीक्षानळीत उकळत होते. दूध आंबायला लागलं असेल तर उकळताना फुटतं. असं दूध टाकीत घेता येत नाही. बरेच कॅन पास झाले. काही फुटले. सोजरबाईंचं फुटलं.

"मपलं दूध वाईट हाय का?"

"नाही मावशी. चांगलं होतं. उशीर आमच्याकडून झाला."

"मग घ्या की."

मी आप्पांना शोधलं, हे त्यांनीच सांगावं म्हणून. त्यांची गाडी गेली होती. सोजरबाईंनी कॅन उचलला आणि गेटबाहेरच्या लिंबाच्या बुडाला ओतला. आदळआपट केली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या खाजगी डेअरीच्या गाडीला दूध घालू लागल्या. त्यांच्यामागं वस्तीवरचे अजून काही जण गेले. त्यांना परत बोलवा, असं आप्पांनी मला सांगितलं. मी गेले नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला: मॅकरोनीची चव समाधानकारक, मागणीचा अभ्यास करावा. अभ्यास कुणी केला नाही. त्या उन्हाळ्यात मॅकरोनी परत शिजली नाही, एवढाच काय तो फायदा.

मी त्यानंतर दोन संघांत काम केलं. दोन्हीकडं नव्या पदार्थाची हौस असणारे चेअरमन भेटले. कुणी डबा पुढं करून "चाखा" म्हणालं की मी चाखते, थुंकते, आणि विचारते, "भांडी धुवायला पाणी कुठून आणणार?" बहुतेक पदार्थ तिथंच संपतात.