चीर नसलेलं पान

वडिलांच्या फोटोपुढे आम्ही अकरा महिने चुकीचं फूल ठेवत होतो.

वडील नाशकात शाळामास्तर. कुमुदाला कोणी कमळ म्हटलं की भरल्या ताटावरून उठायचे. ते गेल्यावर त्यांचं वनस्पतींचं पुस्तक मी वाचायला घेतलं, तेव्हा उलगडा झाला. कुमुदाच्या पानाला चीर असते. कमळाचं पान अखंड, पाण्याच्या वर उभं, देठाला काटे. आम्ही दर महिन्याला आणत होतो ते कुमुद!

आई म्हणाली, "उद्या वर्षश्राद्ध. खरं कमळ आण. नाही तर फोटोतून बोलतील!"

मी पुस्तक घेतलं, सायकल काढली आणि हरसूलच्या वाटेवरचं एक तळं गाठलं. काठावर एक म्हातारी आपल्या म्हशीला धूत होती.

"मावशी, इथे कमळ आहे?"

"फुलांनी तळं भरलंय की! तोडा."

"पण याच्या पानाला चीर आहे. हे कुमुद."

"आमी समद्यालाच कमळ म्हनतो."

मी धोतर खोचून आत उतरलो. (पोहता येत नव्हतं, पण पुस्तकात त्याची अट नव्हती.) पाण्याखाली पायाला कचकन टोचलं.

"काटा! मावशी, कमळ सापडलं!"

"शिंगाडा हाय तो!"

मी तसाच पुढे गेलो आणि कमरेपर्यंत गाळात रुतलो. म्हातारीनं म्हशीच्या दाव्याचं मोकळं टोक माझ्याकडे फेकलं. ते धरतो न धरतो तोच, अगदी नाकासमोर, एक पान पाण्याच्या वर उभं! गोल, अखंड! शेजारी गुलाबी फूल!

"धरा घट्ट! वढते!"

"थांबा! आधी फूल, मग मी!"

फूल पानासकट तोडलं. देठ हाताला खरखरीत टोचला तेव्हा मला भरून आलं. मग म्हातारीनं ओढलं, म्हशीनंही ओढलं, आणि मी काठावर येऊन पडलो.

म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. "नाशकाच्या त्या चष्मेवाल्या मास्तरांचे तुमी कोन?"

"मुलगा. तुम्ही कसं ओळखलंत?"

"त्ये बी इथंच रुतले हुते. ह्याच दाव्यानं वढलं. त्ये बी वरडत हुते, आधी फूल, मग मी!"

वडील गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मोठ्यानं, चिखलानं भरलेल्या तोंडानं. म्हातारीनं मात्र तोंड फिरवलं.

"बापलेक लय सारखे दिसता. फरक येवढाच, त्यांचं धोतर शाबूत हुतं."

मी खाली पाहिलं. धोतर तळ्यानं ठेवून घेतलं होतं!

कमळाचं पान मोठं असतं आणि त्याला कुठेही चीर नसते, ही खूण पुस्तकात इतक्या आग्रहानं का दिली आहे, ते मला त्या क्षणी पुरतं समजलं.