दोरीनं घेतलेलं माप

माझी अनसूयाआत्या कर्जतजवळ भिसेगावात शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर तिनं पुढच्या खोलीत, दारापाशी मशीन मांडलं आणि वीस वर्षं अर्ध्या कर्जतला पोलकी शिवून दिली. तिचं पोलकं अंगावर असं बसायचं की बायका दुसरीकडे जायचं नाव काढत नसत.

१९७९ साली मी मुंबईत तयार कपड्यांच्या एका कंपनीत होतो. मालकांनी नवा शर्ट काढला होता, छातीवर लाल कापडाची अक्षरं: 'माझी जात माणूस'. कॉलेजची पोरं त्यावर तुटून पडली. मालकांच्या ऑफिसात झाडूवाल्याचा कप वेगळा असायचा, हे मला ठाऊक होतं. पण चांगली गोष्ट खपतेय ना, मग खपू दे, असं माझं म्हणणं. मीही तो शर्ट मिरवायचो. अक्षरं शिवायचं काम आत्याला मिळवून दिलं तेही मीच.

पहिला गठ्ठा सोडून तिनं अक्षरं वाचली. "मधू, हे घालणाऱ्याला पुढे काय करावं लागतं रे?"

"काही नाही. घालायचं."

"एवढंच?" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. मला रागच आला. चळवळीतलं हिला काय कळतंय, असं वाटलं.

पुढच्या रविवारी मी तोच शर्ट घालून तिच्याकडे चहा पीत बसलो होतो, तेव्हा भागी आली. कशेळ्याच्या पुढच्या कातकरवाडीतली, आश्रमशाळेत शिकलेली पोर. खालापूरला बालवाडीत मदतनीस नेमायची होती आणि मंगळवारी तिला भेटायला बोलावलं होतं. साडी कुणीतरी दिली होती, पोलकं नव्हतं. ती पायरीखाली उभी राहिली.

वाडीच्या बायकांना आत्या टेप लावत नसे. त्यांनी जुनं पोलकं पायरीवर ठेवायचं. ते नसेल तर आत्या वरून सुतळी टाकायची, आणि बाईनं ती स्वतःच अंगाभोवती धरून मापाच्या गाठी मारायच्या. असं शिवलेलं पोलकं कुठेतरी काचायचं, नाहीतर लोंबायचं. त्यात काही वावगं आहे असं आमच्यात कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

"जुनं आणलंयस?" आत्यानं विचारलं.

"माज्या मापाचं कदी शिवलंच नाय. आयचं घालते."

आत्यानं सुतळी टाकली. भागीनं ती उचलली, पण तिची नजर मशीनशेजारच्या शर्टांवर होती. तिनं एकेक शब्द वाचला, मग माझ्या छातीकडे पाहिलं. आणि खाली मान घालून म्हणाली, "मंगळवारी नीट दिसाया पायजे, बाय. गाठीचं नीट बसत नाय."

मशीन थांबलं. आत्यानं खणातून टेप काढली. मग म्हणाली, "वर ये."

समोरच्या अंगणात पद्मजाकाकू पापड वाळत घालत होत्या. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. आणि मी, तो शर्ट घातलेला शहाणा, हळूच म्हणालो, "आत्या, दार तरी लोटून घे."

"मापाला उजेड लागतो," आत्या म्हणाली.

तिनं टेप भागीच्या खांद्यावर टेकवली. प्रत्येक माप दोनदा घेतलं. संध्याकाळी भागी पोलकं घेऊन गेली.

भागीला काम मिळालं. पद्मजाकाकूंनी आपलं शिवण दुसरीकडे नेलं, त्यांच्यामागे आणखी तीन-चार घरं गेली. आत्यानं त्याचा कधी उल्लेखही केला नाही. शर्ट मी पुढेही घालत राहिलो. लोक कौतुक करायचे, मी ऐकून घ्यायचो.

महिन्याभरानं भागी आईला घेऊन आली. सोनुबाईनं आजवर सुतळीवरच पोलकी शिवून नेली होती. सवयीनं ती पायरीखाली थांबली. आत्या खाली उतरली आणि तिला हाताला धरून आत घेऊन आली. टेप लावताना सोनुबाईला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. आत्यानं ते हलकेच उचलून बाजूला धरले, माप घेतलं आणि टेप हातात धरून म्हणाली,

"इतकी वर्षं मी तुला चुकीचंच शिवून दिलं गं."

सोनुबाईनं हात खाली घेतले. मग म्हणाली, "मला वाटायचं, माजंच आंग वाकडं हाय."