बिनदुधाच्या बाटलीतलं दूध

“यात दूध आहे,” मी म्हणाले.

टेबलाशी आम्ही तिघंच होतो. माझा बॉस ग्रेग, क्लायंट ब्रुक आणि मी. ब्रुकचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. ग्रेगने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, डेअरी फ्री.

“मेधा, हे आल्मंड मिल्क आहे,” तो म्हणाला.

“ते माहितीये मला. मी गाईच्या दुधाबद्दल बोलतेय.”

मी सेन्सरी सायंटिस्ट आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर पगार घेऊन चव बघणारी बाई. आमची लॅब अमेरिकेत, मॉरिसव्हिलपासून जवळच आहे. कंपन्या नवा पदार्थ दुकानात पाठवण्याआधी आमच्याकडे आणतात. आम्ही तो चाखतो, थुंकतो आणि रिपोर्ट लिहितो. हो, थुंकतोच. दिवसभर जे समोर येईल ते गिळत बसलो तर दुपारनंतर कडू-गोड काही कळायचं नाही. सांगलीच्या माझ्या आत्याला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं शिकून थुंकायला अमेरिकेत गेलीस होय?”

ब्रुकने आणलं होतं ते म्हणजे आपलं हळदीचं दूध, फक्त दुधाशिवाय. बदाम, खजूर, हळद, मिरी, बस. ब्रुकच्या मुलीला, नोराला, दुधाची ॲलर्जी आहे. आपल्याकडे दूध पचत नाही म्हणतात तसली नव्हे. घोटभर जरी पोटात गेलं तरी तिचा घसा सुजतो आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. मुलीला बाकीच्या पोरांसारखं काहीतरी बाटलीतून पिता यावं म्हणून ब्रुकने नोकरी सोडली आणि घरच्या किचनमध्ये हे ड्रिंक बनवायला सुरुवात केली. आता ते पहिल्यांदा फॅक्टरीत भरलं गेलं होतं. सोमवारी ट्रक निघणार होता. आमचा रिपोर्ट झाला की सगळं झालं. आणि तो दिवस गुरुवार होता.

आता मी एवढ्या ठामपणे का बोलले ते सांगते. मी तेव्हा डाएटवर होते.

वजनासाठी नाही. माझ्या अंगावर कित्येक महिने गांधी उठत होत्या. खाजवून खाजवून जीव नकोसा झाला होता. शेवटी एका डाएटिशियनने एलिमिनेशन डाएट दिलं. म्हणजे ज्यांच्यावर संशय आहे ते सगळं एकदम बंद करायचं, अंग शांत होऊ द्यायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचं की चोर कोण. साखर बंद, गूळसुद्धा बंद. गहू, तांदूळ, ज्वारी बंद. डाळी बंद. दूध, दही, तूप बंद. पाकिटातलं काहीही बंद. उरलं काय, तर भाज्या, फळं, अंडी, मासे, चिकन, सुकामेवा आणि नारळ.

“मग दाण्याची आमटी कर की,” आई फोनवर म्हणाली.

“आई, शेंगदाणे कडधान्यात येतात. बंद आहेत.”

“असं कसं? उपवासाला चालतात.”

“हा उपवास नाहीये.”

“मग इतकं सोडायचं कशाला?”

पहिला आठवडा मी घरात सगळ्यांना खायला उठत होते. चहा नाही म्हणून डोकं दुखायचं, डोकं दुखलं की समीरवर, माझ्या नवऱ्यावर, निघायचं. तो बिचारा स्वतःचा चहा गराजमध्ये उभा राहून प्यायचा. पण दुसऱ्या आठवड्यात काय झालं म्हणून सांगू. मी गाजर खाल्लं आणि मला वाटलं कोणीतरी त्याला साखर लावलीये. बदाम चावला तर त्याला वास होता, चव होती, शेवटी किंचित कडवटपणा होता. इतकी वर्षं चव बघून पोट भरतेय मी, आणि साध्या काकडीने मला वेड लावलं. रोज सकाळी उठून आज काय खायचं याचीच घाई. समीर म्हणायचा, “यार, तू दुधी भोपळ्याबद्दल असं बोलतेस, मला जेलस वाटायला लागलंय.”

फक्त ऑफिसमध्ये पंचाईत होती. आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक पदार्थात साखर, मैदा नाहीतर दूध. त्यामुळे मी चाखायच्या कामातून बाहेर होते, नुसती कागदं बघत बसले होते. अशात ब्रुकचं ड्रिंक आलं. त्यातला प्रत्येक पदार्थ मला चालणारा. मी आनंदाने टेबलाशी जाऊन बसले. ब्रुकने बरोबर आणलेला खोका बाजूला ठेवला आणि पर्समधून एक वेगळी बाटली काढली. “ही आपण तिघांनी मिळून,” म्हणाली, “ही स्पेशल आहे.”

मी घोट घेतला. बदाम आला, खजूर आला, हळद आणि मिरी आली. आणि या सगळ्यांच्या मागून तापवलेल्या दुधाचा वास आला. तळाला जरा लागलेल्या पातेल्यातला.

ग्रेगनेही घोट घेतला. “टोस्टी आहे. छान आहे,” म्हणाला.

त्याचं चुकत नव्हतं. इथली माणसं दूध फ्रिजमधून काढतात आणि गारच पितात. ते कोणी तापवत नाही, तापवायची गरजही नसते. त्यामुळे तापलेल्या दुधाचा वास यांच्या डोक्यात दूध म्हणून नोंदलेलाच नाही. त्याला ते टोस्टी म्हणतात, कॅरमेल म्हणतात. आणि मी बावीस वर्षं अमेरिकेत राहून रोज सकाळी गॅलनमधलं दूध पातेल्यात ओतून तापवते, का, तर साय हवी. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

ब्रुक पांढरी पडली होती. “शक्यच नाही. रेसिपीत दूध नाहीये.”

ग्रेग मला बाजूला घेऊन गेला. “मेधा, एक विचारतो, रागावू नकोस. हे तू चाखणाऱ्या पॅनलची लीड म्हणून सांगतेयस की पेशंट म्हणून? तीन आठवडे तू दुधाला तोंड लावलेलं नाहीस. माणसाला नसलेली गोष्टही जाणवायला लागते.”

माझं डोकं फिरलं. पण प्रश्न वाजवी होता, आणि त्याचाच जास्त राग आला. “स्ट्रिप लाव,” मी म्हणाले. “माझं काही ऐकू नकोस. स्ट्रिपचं ऐक.”

आमच्याच बिल्डिंगमध्ये ॲलर्जनची लॅब आहे. ती रिया सांभाळते. न्यू जर्सीत जन्मलेली मराठी मुलगी, पीएचडी, कामाला एकदम कडक. तिची टेस्ट दिसायला कोविडच्या टेस्टसारखीच असते. नमुन्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. एक रेघ आली तर दूध नाही, दोन आल्या तर आहे.

रियाने टेस्ट केली. एक रेघ आली.

“सॉरी, मेधाताई,” ती हळूच म्हणाली. “निगेटिव्ह. आय रॅन इट ट्वाइस.”

ब्रुकने ग्रेगला मिठी मारली. मग मलाही मारली, मोठ्या मनाची बाई. “इट्स ओके, तू काळजीपोटीच बोललीस,” म्हणाली. “नोरा आठवडाभर मागे लागलीये. तुमचा रिझल्ट येईपर्यंत मी तिला हात लावू दिला नव्हता. आज संध्याकाळी तिला पहिली बाटली देणार.” आणि ती गेली.

मी जागेवर जाऊन बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. खरं सांगते, मला रडू येत होतं. चूक झाली म्हणून नाही, मला ती चव अजून जिभेवर येत होती म्हणून. पट्टी म्हणते नाही, जीभ म्हणते आहे. दोघी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

असतील की, जर दोघींना वेगवेगळं ड्रिंक मिळालं असेल तर. मी उठले आणि तडक रियाकडे गेले.

“रिया, तू कुठली बाटली टेस्ट केलीस?”

“खोक्यातली सील्ड. ऑफ कोर्स.”

“आम्ही प्यायलो ती नाही?”

“ताई, ती उघडी होती. तीन जणांनी हाताळलेली. उघडी बाटली आपण एव्हिडन्स म्हणून घेतच नाही, यू नो दॅट.”

नियम तिचा बरोबर होता. असला तर आमचाच वेंधळेपणा होता, आम्ही तिला नीट सांगितलंच नव्हतं. मी धावत ग्रेगच्या केबिनमध्ये गेले. तो पाच वाजता निघायच्या तयारीत होता.

“ब्रुकने पर्समधून काढलेली बाटली स्पेशल का होती?”

“अगं, ती बाटल्या भरायच्या लाइनवरून निघालेली अगदी पहिली बाटली. फॅक्टरीवाले त्या फेकतात, हिने हट्टाने अर्धा डझन मागून घेतल्या. आठवण म्हणून.”

हे बोलता बोलताच त्याचा चेहरा बदलला. पहिल्या बाटल्या का फेकतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहिती असतं. बरेच दिवस बंद असलेला नळ सोडला की पहिलं पाणी आपण वाहू देतो, तसंच आहे ते. लाइन धुतलेली असली तरी आधीच्या मालाचं काही पाइपात राहिलं असेल तर ते सगळ्यात आधी बाहेर येतं. आणि बाकीच्या पाच बाटल्या ब्रुकच्या घरी होत्या. नोरासाठी.

ग्रेगने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, व्हॉइसमेल. मी माझ्या फोनवरून लावला. तिचं घर लॅबपासून फार लांब नाही, ती कधीच पोचली असणार. ग्रेगने तिसऱ्यांदा लावला आणि ब्रुकने उचलला. मागे पोरीचं हसणं ऐकू येत होतं.

“ग्रेग, हाय, आम्ही आत्ता बाटली उघडायला...”

“नको. थांब.”

एवढंच म्हणाला आधी. मग बाकीचं सांगितलं. पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ब्रुक लांबून म्हणाली, “नोरा, हनी, ते मम्माकडे दे.” पोरीने भोकाड पसरलं. मला इतका आनंद मुलाच्या रडण्याने त्याआधी कधी झाला नव्हता.

“ओतून टाकू नकोस,” मी फोनमध्ये म्हणाले. “पाचही तशाच सील्ड ठेव आणि सकाळी इकडे घेऊन ये. आणि ब्रुक, माझं चुकलं असेल तर नोरासाठी केक मी आणेन. बिनदुधाचा.”

ती सकाळी आमच्या आधी येऊन पार्किंगमध्ये उभी होती. डोळे सुजलेले. रियाने आमच्यासमोर सील तोडलं, थेंब टाकले. टायमर संपायची वाट बघावीच लागली नाही. दुसरी रेघ पहिलीपेक्षा गडद आली.

ब्रुक खुर्चीत बसून रडली. मीही रडले. रियाने नुसतं “ओ माय गॉड, ताई” म्हटलं आणि माझा दंड घट्ट धरून ठेवला. ग्रेग आम्हा तिघींना टिश्यू पुरवत होता आणि मध्येच स्वतःही वापरत होता. खरं सांगू, त्या घाबरगुंडीतही मी हवेत होते. एका घोटात पकडलं होतं मी.

फॅक्टरीने लाइन उघडली. ब्रुकचा माल भरायच्या आदल्या दिवशी त्याच लाइनवर व्हॅनिला मिल्क भरलं होतं. धुणं रीतसर झालं होतं, पण एका वळणावर पाइपाचं रबर चिरलं होतं आणि त्या फटीत दूध राहून गेलं होतं. ते गरम लाइनमध्ये तापत राहिलं. मग रियाने सगळ्या मालातले नमुने तपासले. दूध पहिल्या सहा बाटल्यांवर थांबलेलं नव्हतं. पुढच्या बऱ्याच खोक्यांतही थोडं थोडं निघालं. आम्ही आधी तपासलेला खोका नशिबाने स्वच्छ होता, एवढंच. सोमवारचा ट्रक निघाला नाही. सगळा माल नष्ट केला. ब्रुकने फॅक्टरी बदलली, पुन्हा भरलं आणि आता ते ड्रिंक आमच्या भागातल्या दुकानांत मिळतं. नोरा रोज पिते.

माझी लॅबमध्ये मिरवणूक निघायचीच बाकी होती. ग्रेग येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगायचा. पुढे माझं डाएट संपलं, एकेक पदार्थ परत आला. सगळ्यात आधी मी दूध आणलं, म्हणजे चहा. गांधी दुधाने उठल्या नाहीत. गव्हानेही नाही, शेंगदाण्यांनीही नाही. त्या कशाने उठत होत्या ते आजतागायत कळलेलं नाही. आपणहून आल्या आणि आपणहून गेल्या.

ब्रुकच्या पाचांपैकी एक सील्ड बाटली आम्ही राखून ठेवली होती. एक दिवस नव्या पॅनलला दाखवायचं म्हणून ग्रेगने ती उघडली. तिघांना ट्रँगल टेस्ट दिली. या टेस्टमध्ये तीन कप असतात, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा, म्हणजे इथे दूध असलेला, ओळखायचा. “मेधा, तू पण घे, दाखव यांना,” ग्रेग म्हणाला.

मी चाखलं. पुन्हा चाखलं. कोमट पाणी पिऊन तिसऱ्यांदा चाखलं. बदाम होता, खजूर होता, हळद, मिरी. मी एक कप पुढे सरकवला. तो चुकीचा निघाला.

ग्रेगने तो कप परत जागेवर ठेवला आणि सावकाश विचारलं, “म्हणजे ब्रुक एक महिना उशिरा आली असती तर?”

“तर मी टोस्टी लिहिलं असतं,” मी म्हणाले. “आणि खाली सही केली असती.”

आता दुधाशिवायचा कुठलाही माल आला की आम्ही लाइनवरची पहिली, मधली आणि शेवटची बाटली मागवतो आणि चाखायच्या आधी तिन्हींना स्ट्रिप लावतो. नव्या फॅक्टरीवाल्याने वैतागून विचारलं की हे जरा जास्त होत नाही का. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मी त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्याला फारसं कळलं नाही, पण बाटल्या पाठवल्या.

ब्रुक मात्र अजूनही भेटेल त्याला सांगते की मेधाची जीभ म्हणजे मॅजिक आहे. मी दरवेळी दुरुस्त करते. जीभ तीच आहे, म्हणते. त्या गुरुवारी मला चहा सोडून तीन आठवडे झाले होते, एवढंच.