उंबराचा दस्ता

विघ्नांचे हरण करणाऱ्या गजाननाला आणि शस्त्रांत वास करणाऱ्या आदिमायेला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज खंडेनवमी. पाटलांच्या घरी शस्त्रपूजा सांगून नुकताच परतलो. कोयत्या, फाळ, तलवार यांच्या शेजारी पाटावर ती जुनी रायफलही मांडली होती. तिच्या लाकडी दस्त्यावर अक्षता वाहताना एका जुन्या पावसाळ्याचे स्मरण झाले.

ही रायफल त्या वेळच्या पाटलांच्या वडिलांना घाटातील रेल्वेचे काम पाहणाऱ्या एका साहेबाने जाताना दिली. तिचा मूळ दस्ता अक्रोडाचा होता. एकदा शिकारीहून परतताना वडील पळसदरीच्या वरच्या कड्यावरून घसरले. बंदूक खाली दगडावर आपटून दस्ता फुटला. वडील मात्र मध्येच एका उंबराच्या झाडाला अडकले आणि वाचले. त्या दिवशी त्यांनी बोलून ठेवले की ज्या झाडाने मला धरले, त्याच झाडाच्या लाकडात माझी बंदूक बसेल. उंबरावर कुऱ्हाड घालणे आपल्याकडे निषिद्ध. म्हणून वादळात आपोआप पडलेली त्याची फांदी आणली, माझ्या तीर्थरूपांनी तिची पूजा केली, आणि सुताराने तिचा दस्ता घडवला. त्या घराची श्रद्धा त्या लाकडात होती. पण उंबर हलका आणि पाणी पिणारा. पावसाळ्यात दस्ता फुगे, वाकडा होई, आणि ज्या खाचेत नळी बसते तिथे नळीला एका अंगाने रेटी. मग गोळी नेम सोडून डावीकडे जाई. शिकार हिवाळ्यातच होत असे, त्यामुळे वडिलांच्या हयातीत कोणाचे काही अडले नाही.

अडले ते पुढे, वडील निवर्तल्यावर. डोंगराच्या कुशीत ठाकर लोकांची एक वाडी होती. त्यांची वर्षाची भाकरी म्हणजे उतारावरची नाचणी. कणसे धरू लागली की रानडुकरे येतात, म्हणून मचाणावर राखण लागते. त्या भाद्रपदात राखणीला बसलेल्या एका माणसाला बिबट्याने ओढून नेले. वाडीने राखण सोडली. मृताचा धाकटा भाऊ पाटलांच्या ओटीवर येऊन बसला. आसपासच्या गावांत परवान्याची बंदूक तेवढी एकच होती. खालापूरच्या कचेरीत अर्ज केला, तर पाऊस उघडल्यावर शिकारी पाठवू असे उत्तर आले.

"पाऊस उघडंपत्तोर नाचणी ऱ्हायल का, पाटील?" तो म्हणाला. "डुकरं काय अर्ज वाचत्यात?"

पाटलांनी सुतारास बोलावले. तोंडाने तिखट, हाताने सावकाश असा तो माणूस. त्याने दस्त्यावरून बोट फिरवले आणि हसला.

"पाटील, ही बंदूक म्हंजे घरजावई हाय. पावसाळा आला का फुगून बसतो, न् काम सांगितलं का तोंड फिरवतो."

"थट्टा पुरे रं," पाटील म्हणाले. "सरळ कर."

मी त्या वेळी ओटीवरच होतो, म्हणून सारे पाहिले. सुताराने नळी उतरवली, समईच्या ज्योतीवर धरून तिला काजळी धरवली आणि परत खाचेत बसवून उचलली. जिथे लाकूड काळे झाले तिथे ते नळीला लागत होते. तेवढेच पटाशीने खरवडायचे, पुन्हा काजळी, पुन्हा खरवड. संध्याकाळी नळीभोवती कागद फिरेल एवढी मोकळीक झाली. परसात बांधावर मडके ठेवून पाटलांनी बार काढला आणि मडके फुटले. ठाकर प्रथमच हसला.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड होती. तीच बंदूक, तेच हात, आणि गोळी हातभर डावीकडे.

"मग हातभर उजवीकडं धरा ना," ठाकर म्हणाला.

"आज हातभर, उद्या वीतभर," पाटील म्हणाले. "हवा पालटली का ही पालटते. अंदाज कशाचा धरू?"

पुन्हा काजळी आणि पटाशी. मग जवसाचे तेल, मग खाचेत मेण. शेवटी सुताराने पटाशी खाली ठेवली. "आता आणखी खरवडलं तर पापुद्रा ऱ्हाईल. बार काढाल न् दस्ता हातात येईल. माज्याकडं जुना सागवान हाय, वाळून खडखडीत. सांगा, चार रोजांत नवा देतो."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी जाणत होतो ते सांगितले: विहित द्रव्य कामास न आले तर त्याच्या जागी दुसरे, म्हणजे प्रतिनिधी, घेण्यास शास्त्राची संमती आहे, उंबराचा दस्ता देवघरात ठेवावा, पितरांच्या नावे शांती करावी, त्यात दोष नाही. त्यांनी दस्ता उचलून हातात घेतला.

"बुवा, शास्त्र तुमचं बरोबर असल. पण शब्द माज्या बापाचा. ते असते तर पायावर डोकं ठेवून मोकळीक मागितली असती. आता कोनाला मागू?"

समोर ठाकर दाराच्या चौकटीला टेकून आमचे बोलणे ऐकत होता. त्याने कोणाची बाजू घेतली नाही. फक्त आभाळाकडे पाहिले.

मग चुलीच्या वर, जिथे पावसाळ्यात सुकवायच्या वस्तू टांगतात, तिथे दस्ता टांगून ठेवला. धुराने आणि उबेने तो आकसला. पाऊस थोडा थांबला तेव्हा बंदूक जोडून पाहिली, तर गोळी नेमावर. त्याच दुपारी पाटील ती घोंगडीत गुंडाळून ठाकराबरोबर मचाणावर गेले. मी पाटलांच्या देवघरात जपास बसलो. वर डोंगरावर धुके उतरलेले मला खिडकीतून दिसत होते. धुके घोंगडीला जुमानत नाही.

तिन्हीसांजेला एकच बार ऐकू आला. काही वेळाने दोघे खाली आले. बिबट्या बांधावर आला होता, उजेड पुरेसा होता, पाटलांचा नेम त्याच्या खांद्यावर होता. गोळी डाव्या अंगाच्या कातळावर लागली. पुन्हा बार भरेपर्यंत त्याच्यामागे रान मिटले होते.

पाटील ओटीवर बसले आणि त्यांनी बंदूक मांडीवरून खाली ठेवलीच नाही. ठाकर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"तुमचा हात हालला नाय, पाटील. मी बगत हुतो. लाकूड भिजलं."

"तुज्या नाचणीचं काय रं आता?"

"आता डुकरांची नाचणी ती." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आमी घाटावर जातो. भट्टीवर कोळसा पाडायला मानसं लागत्यात म्हंतात."

नवरात्र बसण्याआधी वाडी रिकामी झाली. तिथे पुन्हा कोणी चूल पेटवल्याचे मी ऐकले नाही. माघात लाकूड सुकले, तेव्हा पाटलांनी एकटेच परसात जाऊन बार काढला. मडके बरोबर मधोमध फुटले. त्यांनी नळी पुसली, बंदूक खुंटीला लावली, आणि नंतर कधी ती खांद्यावर घेतल्याचे मला आठवत नाही.

आज त्यांच्या नातवाने तीच बंदूक पाटावर मांडली. दस्ता तोच. इतर शस्त्रांवर मी मंत्रपूर्वक पाणी शिंपडले. तिच्यावर मात्र पाण्याचा थेंब न पडू देता केवळ अक्षता वाहिल्या.

वाचकहो, तुमच्या शेतातले धान्य तुमच्याच कणगीत येवो. राखणीला गेलेला माणूस सकाळी घरी परतो. वडिलांनी मागे ठेवलेला शब्द तुम्हांला पेलेल इतकाच जड असो, आणि तुमच्या लेकराबाळांवर, गुराढोरांवर जगदंबेची कृपादृष्टी अखंड राहो.